वतनापासून म्युच्युअल फंडापर्यंत: पगारदार आंबेडकरी माणसाच्या पैशाचा इतिहास

१९१७ साल. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला, लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागलेला एक तरुण बडोद्याच्या नोकरीतला अपमान सोसून मुंबईला येतो. घर चालवायचे असते. तो शिकवण्या घेतो आणि जोडीला शेअरचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक छोटी पेढी सुरू करतो. सुरुवातीला गिऱ्हाईक येते. मग सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे बाजारात कळते आणि गिऱ्हाईक यायचे थांबते. पेढी बंद पडते. बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे, पण आपल्या जयंतीच्या भाषणांत तो क्वचितच ऐकू येतो.

हा प्रसंग आज आठवायला कारण घडले. आमच्या विहारात रविवारी अभ्यासवर्ग चालतो. मागच्या महिन्यात तिथे नुकतीच जिल्हा परिषदेत लिपिक म्हणून लागलेली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, "दादा, ऑफिसात सगळे एसआयपी करतात. मी करू का? आपल्या चळवळीतल्या माणसाने शेअर बाजारात पैसे घालणे बरोबर आहे का?" प्रश्न साधा होता, पण वर्गाचे दोन तट पडले. एक म्हणाला, शेअर बाजार हा शेटजींचा जुगार आहे, आपण त्यात पडायचे नाही. दुसरा म्हणाला, अरे, तेच तर आपण आजवर चुकलो, एसआयपी कर आणि करोडपती हो, पैसा आला की जात कोण विचारतो?

आमचे म्हणणे असे की, हे दोघेही इतिहास विसरून बोलत होते. म्हणून त्या मुलीला उत्तर देण्याआधी आपण आपल्या पैशाचा इतिहास एकदा नीट तपासला पाहिजे.

संपत्ती नाकारण्याचा कायदा

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा आपल्याला आठवतात ते पाण्याचे, स्पर्शाचे आणि शिक्षणाचे निर्बंध. पण त्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात आणखी एक निर्बंध आहे. अंगात कुवत असली तरी शूद्राने धन साठवू नये, कारण त्याच्या हाती धन आले की वरच्या वर्णाला त्याचा जाच होतो, अशा अर्थाचा तो आदेश आहे. नीट बघा, इथे शूद्राला कमावता येणार नाही असे म्हटलेले नाही. कमावता येत असूनही त्याने साठवायचे नाही, असे म्हटले आहे. व्यवस्थेला भीती आपल्या श्रमाची कधीच नव्हती, भीती आपल्या बचतीची होती.

गावगाड्यात हा आदेश वतनाच्या रूपाने चालला. महाराने चोवीस तास गावकीची आणि सरकारची कामे करायची, सांगावा पोचवायचा, वेशीची राखण करायची, मेलेली जनावरे ओढायची. त्याबदल्यात काय? खळ्यावरचे बलुते आणि वतनाच्या जमिनीचा एक तुकडा, तोही पिढ्यांगणिक इतक्या भावकीत वाटलेला की कुणाचेच पोट भरू नये. रोख पैसा हातात नाही. रोख नाही म्हणून बचत नाही, बचत नाही म्हणून गाव सोडायची ताकद नाही. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. आपल्यातल्याही काही लोकांना तेव्हा वाटले की, हा माणूस आपली वडिलोपार्जित जमीन घालवायला निघाला आहे. बाबासाहेबांना मात्र दिसत होते की, ज्याला आपले लोक मालमत्ता समजतात ती पायातली बेडी आहे. प्रत्यक्षात ही कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

इथून आम्ही पहिला धडा घेतो. कागदावर मालमत्ता दिसते म्हणून ती मालमत्ता असतेच असे नाही. ती आपल्याला मोकळे करते की बांधून ठेवते, हे विचारावे लागते. आजच्या विमा पॉलिसीला, प्लॉटला आणि फंडालाही हाच प्रश्न विचारायचा आहे.

पहिला रोख पगार आणि दारातला पठाण

गावगाड्यातून बाहेर पडलेला आपला माणूस पलटणीत गेला, रेल्वेत गेला, गोदीत गेला, गिरणीत गेला, नगरपालिकेच्या सफाई खात्यात गेला. पिढ्यांनंतर पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला रोख पैसा हातात आला. पण जात गिरणीच्या फाटकातून आत शिरलीच. विणकाम खात्यात पगार जास्त होता. तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे, म्हणून सवर्ण कामगार तिथे अस्पृश्यांना येऊ देत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार नेत्यांसमोर ठणकावून मांडला. म्हणजे एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर कामाला जाणाऱ्या दोघांच्या पगारात फरक होता, आणि त्या फरकाचे कारण कौशल्य हे नव्हते, जात हे होते.

जो पगार मिळे तो तरी घरी पोचे का? १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने, ज्याला आपण व्हिटली आयोग म्हणतो, १९३१ मध्ये अहवाल दिला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत, असा त्याचा अंदाज होता. पगाराच्या दिवशी फाटकावर काठी घेऊन उभा असलेला पठाण ही मुंबईच्या चाळींतल्या जुन्या माणसांची आठवण आहे. रुपयाला महिना एक आणा व्याज म्हणजे वर्षाला ७५ टक्के. अशा व्याजापुढे कुठली बचत टिकणार?

आज पठाण फाटकावर उभा नाही, तो खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप, क्रेडिट कार्डावरचे थकलेले बिल, हप्त्यावर घेतलेला फोन. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत व्याज लागते. ज्याच्या डोक्यावर असे कर्ज आहे त्याने एसआयपीचा विचारही करू नये. जगातला कुठलाही फंड दरवर्षी ४० टक्के देत नाही. आधी हे कर्ज फेडणे, हीच त्याची सर्वांत मोठी गुंतवणूक आहे.

बाबासाहेबांचे अर्थशास्त्र आपल्या पगाराबद्दल काय सांगते?

पेढी बंद पडल्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी हा चांगला पगार होता, तरी कुटुंब परळच्या चाळीतच राहिले. त्या पगारातून त्यांनी काटकसरीने पैसे बाजूला टाकले. छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांची त्यात भर पडली, आणि १९२० च्या जुलैमध्ये ते अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. आपल्या चळवळीच्या इतिहासातली ही पहिली मोठी 'उद्दिष्ट ठरवून केलेली बचत' आहे असे आम्ही मानतो, आणि त्या बचतीत माता रमाईंच्या पोटाला बसलेल्या चिमट्याचा वाटा आहे हे कधी विसरू नये. त्या गुंतवणुकीचा परतावा म्हणून देशाला संविधान मिळाले.

त्याच लंडनमध्ये 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध लिहिला गेला आणि १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला. आपल्यातले बहुतेक जण त्याचे नाव घेतात आणि रिझर्व्ह बँकेचा उल्लेख करून थांबतात. १९२५ मध्ये बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, हे खरे. पण त्या ग्रंथातला आपल्या पगाराशी थेट जोडलेला मुद्दा वेगळा आहे. रुपयाचे मोल घसरले की निर्यात करणाऱ्याचा फायदा होतो, म्हणून देशाचा फायदा होतो, असे तेव्हा सांगितले जाई. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? किमती वाढतात, पण मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे एका वर्गाचा नफा हा दुसऱ्या वर्गाच्या, मजुरी करणाऱ्यांच्या, खिशातून येतो. रुपयाच्या विनिमय दरापेक्षा देशातल्या किमतींचे स्थैर्य महत्त्वाचे, हा त्यांचा आग्रह त्यातूनच आला.

मित्रांनो, हा धडा शंभर वर्षांनंतरही आपल्या बँकेच्या पासबुकात लिहिलेला आहे. महागाई वर्षाला ६ टक्के असेल तर आज १०० रुपयांना येणारी वस्तू १२ वर्षांनी साधारण २०० रुपयांना मिळते. बचत खात्यात ३ टक्क्यांनी पडून असलेला पैसा आकड्यात वाढतो आणि बाजारात मात्र झिजतो. 'मी कुठेच गुंतवत नाही, म्हणून मी सुरक्षित आहे' असे म्हणणारा माणूसही दरवर्षी थोडे हरतच असतो. फक्त ते हरणे त्याला दिसत नाही.

पण बाबासाहेब इथे थांबले नाहीत. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी विमा हा राज्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली. माणसाच्या म्हातारपणाची आणि त्याच्यामागे राहणाऱ्यांची काळजी बाजारावर सोडून चालणार नाही, ती राज्याची जबाबदारी आहे, हा त्यामागचा विचार. १९५६ मध्ये दोनशेहून अधिक खासगी विमा कंपन्या ताब्यात घेऊन आयुर्विमा महामंडळ झाले. त्याआधी १९४८ मध्ये राज्य विमा कायदा आणि १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला होता. आज पगारपत्रकावर पीएफची कपात दिसली की अनेकजण कुरकुर करतात. गिरणीच्या फाटकावरच्या पठाणाचा इतिहास माहीत असलेला माणूस अशी कुरकुर करणार नाही.

युनिट ट्रस्टवरचा विश्वास आणि २००१ चा धक्का

१९४३ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा ठरल्या. पुढे संविधानाने हा हक्क पक्का केला. १९६० ते १९८० या काळात आपल्या समाजात पगारदारांची पहिली खरी पिढी उभी राहिली: पोस्टमन, तलाठी, शिक्षक, एसटीचे वाहक, बँकेतले कारकून, रेल्वेतले खलाशी. या पिढीची गुंतवणूक ठरलेली असे. पीएफ, पोस्टाची आवर्ती ठेव, एक एलआयसी पॉलिसी, सोसायटीचे कर्ज आणि बायकांची भिशी.

याच काळात म्युच्युअल फंडही देशात आला, आणि तोही सरकारच्या हाताने. १९६३ च्या कायद्याने युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया स्थापन झाली आणि जुलै १९६४ मध्ये तिची पहिली योजना निघाली. युनिट स्कीम १९६४. एका युनिटची दर्शनी किंमत १० रुपये. ज्याला एखाद्या मोठ्या कंपनीचे शेअर एकट्याने घेणे परवडत नाही, अशा लहान माणसांचे पैसे एकत्र करून उद्योगांत लावायचे आणि मिळणारा नफा वाटून द्यायचा, ही कल्पना. पुढे १९८७ पासून सरकारी बँकांचे फंड आले, १९९३ पासून खासगी फंड आले.

युनिट ट्रस्टवर लोकांचा विश्वास बँकेच्या ठेवीसारखा होता, कारण दरवर्षी लाभांश येई आणि किंमत हळूहळू वाढतच जाई. घोळ तिथेच होता. युनिटची किंमत ट्रस्ट स्वतः जाहीर करत असे. ट्रस्टच्या हातातल्या शेअर आणि रोख्यांचे त्या दिवशीचे खरे मोल किती, याच्याशी ती बांधलेली नव्हती. १९९८ मध्येच गंगाजळी उणे झाल्याचे उघड झाले. २००१ च्या एप्रिल-मे महिन्यांत चार हजार कोटींहून अधिक रक्कम या योजनेतून बाहेर पडली आणि त्यात जवळपास सगळा पैसा मोठ्या कंपन्यांचा होता. त्यांना आत काय शिजते आहे याचा वास लागला होता. २ जुलै २००१ ला खरेदी-विक्री बंद झाली आणि आत अडकले ते निवृत्त शिक्षक, विधवा, लहान पगारदार. जे युनिट १४ रुपयांच्या आसपास विकले जात होते, त्याचे खरे मोल त्या वर्षाच्या शेवटी सहा रुपयांच्याही खाली निघाले. सरकारने लहान गुंतवणूकदारांना काही मर्यादेपर्यंत ठरावीक भावाने पैसे देऊन सावरले, २००३ मध्ये संस्थेचे दोन भाग केले. पण धडा राहिला.

तो धडा असा की, सरकारी शिक्का असला तरी हिशोब विचारावाच लागतो. आणि दुसरा धडा, जो आमच्या मते जास्त महत्त्वाचा आहे: माहिती ज्याच्याकडे आधी पोचते तो वाचतो. माहिती कुणाकडे आधी पोचते, हे या देशात जातीनेही ठरते. ज्याचा काका बँकेत, मामा सनदी लेखापाल आणि मेहुणा दलाल, त्याला चहा पिता पिता जे कळते ते कळायला आपल्या माणसाला वर्तमानपत्रातल्या बातमीची वाट बघावी लागते. तोवर दार बंद झालेले असते.

आपण बाजाराबाहेर आहोत का?

आता वर्गातल्या पहिल्या तटाकडे वळू. 'आपण बाजारात पडायचे नाही.' ठीक आहे. पण आपण बाहेर आहोत का? १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्यांचे म्हातारपण फंडांच्या चढउताराला जोडले गेले. २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीचाही एक भाग शेअर बाजाराच्या निर्देशांकात लावला जातो. एलआयसी तर देशातल्या शेअर बाजारातली सर्वांत मोठ्या गुंतवणूकदारांपैकी एक आहे. म्हणजे तुम्ही एकही शेअर घेतला नसला तरी तुमचा पैसा बाजारात आहेच. तिथे तो तुमच्या समजुतीने आहे की तुमच्या अज्ञानाने, एवढाच प्रश्न उरतो.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी संपावर गेले, त्यात आपले शेकडो कार्यकर्ते होते. आम्ही त्या मागणीच्या बाजूने आहोत आणि राहू. पण लढा चालू असताना आपल्या खात्यात काय चालले आहे हे न बघणे म्हणजे लढाऊपणा नव्हे.

म्हणून म्युच्युअल फंड म्हणजे काय, हे सरळ शब्दांत समजून घेऊ. अनेकांचे पैसे एकत्र येतात. त्यातून शेअर किंवा रोखे घेतले जातात. तुमच्या वाट्याला येतात ती युनिट. हातातल्या सगळ्या शेअर-रोख्यांचे त्या दिवशीचे मोल भागिले एकूण युनिट, म्हणजे एनएव्ही. युनिट ट्रस्टच्या वेळी नेमके हेच दडवले गेले होते, आता ते रोज जाहीर करावे लागते. शेअर फंड चालवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात राहत नाहीत, वेगळ्या संस्थेकडे राहतात. त्यामुळे ती कंपनी बुडाली म्हणून तुमची युनिट बुडत नाहीत. मात्र बाजार पडला तर मोल कमी होते आणि त्याची भरपाई कुणीही करत नाही. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये आठ हजारांच्या खाली गेला होता. बहिणीचे लग्न पुढच्या वर्षी आहे आणि त्याचे पैसे शेअरच्या फंडात आहेत, अशा घरात त्या दिवशी काय झाले असेल याची कल्पना करा. सात-आठ वर्षे लागणार नाहीत असेच पैसे तिथे ठेवायचे.

आणि खर्च. प्रत्येक फंड दरवर्षी आपला खर्च कापून घेतो, तो एनएव्हीतूनच जातो म्हणून डोळ्याला दिसत नाही. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत 'डायरेक्ट' हा पर्याय आहे, त्यात मध्यस्थाचे कमिशन नसते. एक टक्क्याने काय होते, असे वाटते. हिशोब करू. महिना ५,००० रुपये, २५ वर्षे. टाकलेली रक्कम १५ लाख. वर्षाला ११ टक्के दराने साधारण ७९ लाख होतात, १० टक्के दराने ६६ लाख. एका टक्क्याने साडेबारा लाख गेले. हे दर कुणी हमी दिलेले नाहीत, फक्त फरक कळावा म्हणून धरले आहेत. आपल्या पूर्वजांच्या खळ्यावरून धान्य कोण किती उचलून नेतो हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होत असे. आता उचल अंकांत होते. म्हणून अंक वाचायला शिकले पाहिजे.

'पैसा आला की जात कोण विचारतो?'

दुसऱ्या तटाला आमचा सवाल असा: बाबासाहेबांच्या पेढीला ज्ञान कमी पडले होते काय? अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचा सल्लागार तेव्हाच्या मुंबईत शोधून सापडला नसता. आणि ४५० रुपये पगाराचे प्राध्यापक झाल्यावरही सिडनहॅममध्ये त्यांनी सहकाऱ्यांच्या माठातले पाणी पिण्याला काहींचा आक्षेप होताच. जात पैशाला घाबरून पळत नाही.

शिवाय सगळ्यांची सुरुवात एका रेषेवरून होत नाही. सुखदेव थोरात, नितीन तगाडे आणि अजय कुमार नाईक यांनी २०१३ च्या सरकारी पाहणीच्या आधारे केलेल्या अभ्यासात, देशातल्या एकूण संपत्तीपैकी ४१ टक्के उच्चजातीय हिंदू कुटुंबांकडे, तर अनुसूचित जातींकडे ७.६ टक्के असल्याचे दिसले. लोकसंख्येत अनुसूचित जाती साधारण सहावा हिस्सा आहेत. एकाच टेबलावर बसणाऱ्या दोन लिपिकांचा पगार सारखा असतो. एकाचे वडिलांचे घर शहरात असते, गावची बागायत असते, त्याचा पगार त्याचा एकट्याचा असतो. दुसऱ्याच्या पगारावर तीन घरे चालतात: त्याचे स्वतःचे, गावाकडे आईवडिलांचे, आणि शिकणाऱ्या भावाचे किंवा परत आलेल्या बहिणीचे. त्याला 'पगाराच्या ३० टक्के गुंतव' असे सांगणारा व्हिडिओ त्याच्यासाठी बनवलेलाच नाही. आणि कंत्राटी सफाई कामगाराचे काय, ज्याचा पगारच तीन-तीन महिने होत नाही? रिक्त अनुशेष आणि कंत्राटीकरण यांचे उत्तर एसआयपीत नाही, ते रस्त्यावर आणि मतपेटीतच आहे.

आणि झटपट श्रीमंतीचा नाद तर सरळ खड्ड्यात नेतो. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटींवर गेला. आमच्या वस्तीतली पोरे 'ट्रेडिंग शिकतो' म्हणतात तेव्हा हाच आकडा आम्ही त्यांच्यापुढे ठेवतो. जमिनीच्या नावाखाली पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएलकडून ४९,१०० कोटी परत करण्याचा आदेश २०१४ मध्ये निघाला, त्यात अडकलेले पाच कोटींहून अधिक लोक कोण होते? गावोगावचे आपल्यासारखेच. अशा योजना नेहमी ओळखीच्या तोंडून येतात. जय भीम घालणारा, जयंतीला वर्गणी देणारा आपलाच माणूस येऊन सांगतो, 'दामदुप्पट आहे, माझ्यावर विश्वास ठेव.' विश्वास माणसावर ठेवा, पैसा कागद वाचूनच द्या.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त सफाई कामगार आईने निवृत्तीचे पैसे बँकेत 'फिक्स'मध्ये ठेवायला दिले. तीन वर्षांनी कळले की ती ठेव नव्हती, दरवर्षी हप्ता मागणारी विमा पॉलिसी होती. सही तिचीच होती, कागद इंग्रजीत होता. ती आम्हाला म्हणाली, "साहेबांनी खुर्चीवर बसवलं, चहा दिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी बँकेत चहा दिला, म्हणून मी काही विचारलंच नाही." त्या चहाची किंमत तिला लाखात पडली. आजवर नाकारलेला मान कुणी अचानक देऊ लागला की आपण प्रश्न विचारायचे विसरतो, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

मग त्या मुलीला काय सांगितले?

तिला आम्ही सिगालोवाद सुत्त सांगितले. भगवान बुद्धांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगाला, दोन व्यवसायात, चौथा संकटकाळासाठी राखून. बुद्धांनी गृहस्थाला दारिद्र्य पत्करायला सांगितले नाही, उधळपट्टीचे मार्ग मात्र एकेक करून दाखवले. याच्या आधारे आमचा क्रम असा. आधी महागडे कर्ज फेड. मग सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला ठेव, आणि बँकही बघून निवड, कारण ठेवीला विम्याचे संरक्षण एका बँकेत पाच लाखांपर्यंतच आहे. मग आरोग्य विमा, आणि घर तुझ्यावर चालते म्हणून साधा मुदत विमा. विमा आणि गुंतवणूक यांची मिसळ नको. पीएफ आणि पेन्शनचे खाते दर वर्षी उघडून बघ. हे सगळे झाल्यावर, दूरच्या गरजेसाठी, कमी खर्चाच्या साध्या निर्देशांक फंडात जमेल तेवढी रक्कम. पाचशे असली तरी चालेल. प्रत्येक ठिकाणी वारसाचे नाव लाव, आणि लग्न झाल्यावरही खाते तुझ्या नावावर, पासवर्ड तुझ्याकडेच राहू दे. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाच्या लेकीने आपला पैसा नवऱ्याच्या हवाली करू नये.

आणि शेवटचा हप्ता. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी आपल्या कमाईचा विसावा भाग धम्मकार्याला देण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी मार्चमध्ये आग्र्याला शिकल्या-सवरल्या नोकरदारांबद्दलची आपली व्यथा त्यांनी बोलून दाखवली होती. पगाराच्या पाच टक्क्यांची ही एसआयपी आपल्यातल्या किती जणांनी सुरू केली? ती चालू असती तर गावोगावी वसतिगृहे, ग्रंथालये आणि अडल्यानडल्याला बिनव्याजी मदत करणारे निधी आज आपले असते. आपली वैयक्तिक बचत आपल्याला गुलामीतून एकेकटे बाहेर काढेल. समाज बाहेर निघेल तो या विसाव्या भागाने.

आमच्या विहारात आता महिन्याचा एक रविवार पैशाच्या वर्गाला दिला आहे. पगारपत्रक, पॉलिसी, पासबुक घेऊन या, सगळे मिळून वाचतो. सल्ल्याची फी नाही, कुठलीही योजना विकली जात नाही. १९१७ मध्ये जात बघून जी पेढी बंद पाडली गेली, ती आपण आपल्या लोकांसाठी पुन्हा उघडू शकतो. तुमच्याही वस्तीत उघडा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, आणि हिशोब मागा.

जय भीम! नमो बुद्धाय!